लोखंडाची वाफ अन् हळदीचा धूर

त्या दिवशी टेकडीवर आमी दोघीच होतो, नसरीन मॅडम अन् मी. टेकडीखाली मावळतीच्या अंगाला उत्तमरावचं हळदीचं रान. तिथं चंद्रकला, शांता, गोदा अन् रुखमीन अशा चौघी बाया होत्या, रफिक बॉयलरवाला होता, अन् रानाचे मालक म्हणून उत्तमराव. एवढीच माणसं. नावं आधीच सांगून टाकते, कारण मागून गावातले लई जण म्हणाया लागले की आमी बी तिथं होतो. न्हवते.

मी धुरपताबाई. हळदीच्या मुलखातल्या गोरेगावच्या अलीकडं टेकडीवर कॉलेजवाल्यांनी दुर्बिणीचा गोल बांधलाय, पालथ्या घातलेल्या पांढऱ्या घमेल्यासारखा. त्याची मी राखणदार होते. गेल्या साली गुडघ्यांनी जवाब दिला तवा काम सोडलं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. हे मी मोबाईलमधे बोलून राहिले, सून अक्षरं सरळ करून देती. तिला बजावून ठेवलंय, माझं बोलणं पुस्तकी करू नको म्हणून.

त्याच्या आधीची सारी उमर हळदीच्या टोळीत गेली. माझे मालक दोन लेकरं पदरात टाकून गेले. तवापासून हळद काढा, शिजवा, वाळू घाला, हेच. आतासारखे चाकावरचे बॉयलर न्हवते तवा, हळद शिजवायला मोठी काहील असायची. वरून हळदीचा पाला अन् ओलं गोणपाट झाकायचं. एक बार गोणपाट उचलताना वाफ डाव्या हातावर आली, अन् कातडं सालासारखं निघालं. वाफेचं असं असतंय, जिथं ती पांढरी दिसती तिथं कमी भाजती. काठाला, जिथं डोळ्याला कायबी दिसत न्हाई, तिथं लई भाजती. हाताला तेल लावलं, फडकं बांधलं अन् दुसऱ्या दिवशी उजव्या हातानं कामाला गेले. घरी चूल होती, अन् तिला कारण सांगून भागत न्हवतं.

गोल बांधायला निघाला तवा टेकडीवर पाणी न्हवतं. मी डोक्यावरून हंडे वाहिले. काम सरलं, मिस्त्री गेले, मी राहिले. कॉलेजच्या सायबानं इचारलं, "इथं राखण करशील का?" मी म्हणले, "करते. कशाची करायची?" तो म्हणाला, "आभाळाची." मला वाटलं थट्टा करून राहिला. थट्टा न्हवती.

काम सांगते. गोलाला एक झापड असती. सांजेला साखळी ओढून ती उघडायची. रुळातला कचरा काढायचा, गांधीलमाशीचं पोळं काढायचं, एक बार तर धामणच निघाली. दुर्बिणीवरची चादर काढायची, पण तिच्या काचेला बोट लावायचं न्हाई. अन् सगळ्यात मोठं काम म्हणजे दुपारीच फोनवर सांगायचं की आज आभाळ कसंय. मी चुकले की माणसं फुकट टेकडी चढून यायची, म्हणून मी बराबर बघून सांगायची.

येणारी माणसं एकेक तऱ्हेची. एक पुढारी आला, चार गाड्या घेऊन. म्हणाला, "माझ्या मागं शनी लागलाय, तो दाखवा." कॉलेजच्या सरांनी शनी दाखवला. त्याच्या भवतालचं कडं बघून पुढारी म्हणाला, "एवढं मोठं कडं हाय, मग सुटंल कसा?" अन् उतरून गेला, चहा बी घेतला न्हाई. एक बाप पोरीची कुंडली घेऊन आला, म्हणाला मंगळ थोडा बाजूला सरकवता येतो का. ईदच्या आधल्या सांजेला मशिदीतले एक म्हातारे चाचा आले. सर म्हणाले, "या चाचा, दुर्बिणीतून चाँद बघा." चाचा म्हणाले, "ना बाबा. आमाला आमच्याच डोळ्यानं दिसला पायजे." मग माझ्या शेजारी दगडावर बसले, अन् माझ्या आधी त्यांनाच दिसला.

शाळेची लेकरं आली की म्हणायची, "आजी, तो तापलेला ग्रह दाखव ना." मी कंप्यूटरवरची ठिपक्यांची रांग दाखवायची. त्यांची तोंडं उतरायची. "एवढंच?" मी म्हणायची, "एवढंच. माझं पण असंच झालं होतं."

तापलेला ग्रह म्हणजे नसरीन मॅडमचा. मॅडम वसमतच्या, कॉलेजकडून ताऱ्यांचा अभ्यास कराया आलेल्या. बाप टेलर, बाजारात मशीन घेऊन बसतो. पहिल्या दिवशी पोरगी टेकडी चढून आली, धाप लागलेली, अन् पाणी न मागता पहिलं इचारलं, "मावशी, आभाळ कसंय?" मला तिथंच आवडली.

एक दिवस तिनं माझ्या हाताचं कातडं बघितलं अन् इचारलं, "हे कशानं?" मी सांगितलं, वाफेनं. मग तिनं तिच्या ग्रहाचं सांगितलं. लई लांबच्या एका ताऱ्याभवती तो फिरतो. आपल्या गुरूएवढा थोराड, पण ताऱ्याला इतका खेटून की त्याचं वरीस आपल्या दोन दिवसांत उरकतं. अन् फिरताना एकच तोंड ताऱ्याकडं ठेवतो. तव्यावर टाकून कुणी उलटलीच न्हाई अशी भाकर समजा. एका अंगानं कायम जळून राहिली, दुसऱ्या अंगाला कायम अंधार.

"किती तापतो गं?" मी इचारलं.

"त्याच्या हवेत लोखंड आहे मावशी."

"पातळ झालेलं?"

"पातळ नाही. वाफ."

"लोखंडाची वाफ? मग माझा हात तर खांद्यापासून गेला असता वो!"

ती हसली. म्हणाली, तापल्या बाजूची वाफ वाऱ्यानं अंधाऱ्या बाजूला जाती, तिथं गार होती, अन् मग लोखंडाचे थेंब पडत असतील. मी दुसऱ्या दिवशी टेकडीवर आलेल्या चंद्रकलेला सांगाया लागले, तिथं लोखंडाचा पाऊस पडतो म्हणून. मॅडमनं मागून टोकलं, "पडतो नाही मावशी. पडत असेल. अजून बघायचंय." असा तिचा सोभाव. एक शब्द जास्तीचा बोलायची न्हाई.

आता तुमी इचाराल, इतक्या लांबून हवेत काय हाय ते कसं कळतं? शेजारणीच्या घरात आपण जात न्हाई. पण तिच्या फोडणीचा वास आला की कळतं, आज लसूण हाय का हिंग. तसंच. ग्रह ताऱ्याम्होरून जातो तवा ताऱ्याचा उजेड त्याच्या काठाच्या हवेतून गाळून येतो. हवेत जे असंल ते आपापला रंग त्या उजेडातून खाऊन टाकतं. कोणता रंग कमी झाला ते बघायचं, की कळलं कोण बसलंय तिथं.

पण आमच्या दुर्बिणीला तेवढी नजर न्हवती. हवा बघायला दुसऱ्या देशात डोंगरावर घराएवढ्या आरशाची दुर्बीण हाय. तिथं साऱ्या दुनियेची माणसं रांगेत. नसरीन मॅडमला चार सालांच्या खटपटीनं तिथली एक रात्र मिळाली होती. ती रात्र कोणती धरायची, हे ठरवायचं तर ग्रह ताऱ्याम्होरून नेमका कवा जातो ते ठाऊक पायजे. आधीची येळ कुणीतरी मागं काढलेली होती, अन् ती उलसी उलसी सरकत गेली होती. एसटीचं जुनं वेळापत्रक घेऊन फाट्यावर उभं राहिल्यावानी. गाडी निघून जाती अन् आपण उभे. आमचं काम ती येळ नव्यानं काढून द्यायचं होतं. ग्रह ताऱ्याम्होरं कवा शिरला अन् कवा बाहेर निघाला, एवढंच.

शिमगा झाल्यावर ग्रह ताऱ्याम्होरून जायची एक सांज सापडली. बाकी दुनियेत तवा कुठं दिवस, कुठं ढग. त्याच्यानंतर तो तारा सांजेच्या सूर्यापाठी जाणार, मग पावसाळा. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हा मोका चुकला तर ती रात्र मला सोडून द्यावी लागेल. अंदाजावर नाही घेणार मी." बोलताना आवाज चढवला न्हाई, पण ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती.

मी आभाळ बघितलं. आभाळ चांगलं होतं. पण टेकडीखाली उत्तमरावच्या रानात बॉयलर आला होता. हळद शिजवायला कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, सांजेपासून धूर. अन् तारा नेमका तिकडंच, मावळतीला.

मी उतरून गेले.

"या धुरपताबाई," उत्तमराव म्हणाले. "जुना हात लागला की हळद बरी शिजती."

"त्याच्यासाठीच आले. परवा सांजेला बॉयलर बंद पायजे."

"काहून? कोण मेलं?"

"कोणी मेलं न्हाई. एक ग्रह त्याच्या ताऱ्याम्होरून चाललाय."

उत्तमरावनं माझ्याकडं बघितलं, मग चंद्रकलेकडं. "हिला ऊन लागलं का गं?"

चंद्रकला माझ्या जुन्या टोळीची मुकादम. तिनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "ऊन न्हाई लागलं. ती वरच्या पोरीच्या ग्रहाचं बोलून राहिली."

रफिक म्हणाला, "बंद कैसा करू, मावशी? परवाचीच रात माझी इथली आखरी. सकाळी आखाडा बाळापूरला बॉयलर पोचला पायजे, तिथं बारी लागलेली हाय." हळदीत हे असंच असतंय. बॉयलर एक, रानं लई, ज्याची बारी त्यानं उरकायची. बारी चुकली की काढलेली हळद रानातच पडून राहती. उत्तमरावची हळद राहिली असती, अन् ते बी बरं न्हवतं.

मी म्हणले, "बंद करू नका. दिवस मावळायच्या आत उरका."

"म्हणजे दुपारचं?" गोदा ओरडली. भर उन्हात बॉयलरपाशी कोणीच उभं राहत न्हाई. आमी पहाटेपासून सकाळपर्यंत शिजवतो, दुपारी लिंबाखाली पडतो, मग सांजेला पुन्हा.

चंद्रकला म्हणाली, "तू येशील का आमच्यासंगं, धुरपते?"

"येते."

"अन् गुडघे?"

"गुडघे माझे हायेत. तू कशाला चौकशी करती?"

उत्तमराव डोकं खाजवून म्हणाले, "सांज झाली की बॉयलरला काडी लागणार न्हाई. शबुद."

त्या दुपारी आमी पाच जणी बॉयलरपाशी होतो. वरून ऊन, म्होरून जाळ. ड्रमाचं तोंड उघडलं की हळदीची वाफ तोंडावर. रुखमीन म्हणाली, "त्या ग्रहावर काय पऱ्हाट्या लागत नसतील बघ. हळद रानात उपटायच्या आधीच शिजत असंल." शांता म्हणाली, "अन् उपटणारी बी." पाणी पिऊन पिऊन पोटं दुखली. उत्तमरावनं मग बायकोकडून ताक आणवलं, ते सोताहून. दर ड्रमाला हळकुंडात काडी खुपसून बघायची, गेली आत की शिजली. दिवस कलला तवा शेवटला ड्रम उतरला. मी चंद्रकलेच्या पाठीवर हात ठेवला अन् टेकडी चढले. कातडं असं लाल झालं होतं की मॅडमनं मला आधी बसवलं अन् मग झापडीची साखळी सोता ओढली. माझ्या राखणीत तेवढीच बार ती दुसऱ्याच्या हातानं उघडली.

अंधार पडला. कंप्यूटरवर ताऱ्याच्या उजेडाचा एकेक ठिपका पडाया लागला. रांग सरळ चालली की तारा एकटा हाय. रांग खाली बसली की ग्रह म्होरं आला.

रांग खाली बसाया लागली. मॅडमनं माझं मनगट धरलं. "मावशी, आला! पण इतक्या लवकर?" मग तिनं दुसरी रांग उघडली. तिच्यात शेजारचे साधे तारे असतात, ज्यांच्याम्होरून कोणी जात न्हाई. ते बी खाली बसले होते. तिनं माझं मनगट सोडलं.

"काय झालं?"

"ग्रह नाही मावशी. हे आपलंच आभाळ आहे."

तवर मला वास आला. पऱ्हाट्यांचा न्हवे. वाळल्या हळदीच्या पाल्याचा.

मी उतरले कशी ते मला सांगता येत न्हाई. खाली उत्तमरावच्या रानात पाल्याचा ढीग पेटला होता, वारा पडलेला, अन् धूर खांबावानी सरळ वर चाललेला. उत्तमराव जाळाम्होरं हात जोडून उभे. चौघी गठुडी बांधून निघायच्या बेतात.

"उत्तमराव! हे काय केलं?"

"काय केलं? बॉयलर बंद हाय, बघा! शबुद पाळला मी!"

"अन् हे?"

"हे?" त्यांनी ढिगाकडं असं बघितलं जसं कोणी दुसऱ्यानं पेटवला. "हे तर दरसाल असतंय. शेवटल्या भट्टीचा विस्तव पाल्याला द्यायचा. माझा बाप द्यायचा. वारा पडला की द्यायचा, म्हणजे रान पेटत न्हाई."

अन् खरंच वो. आमच्या साऱ्या भागात हेच करतात. हळद उरकली की शेवटला विस्तव पाल्याला. त्याला कोणी काम म्हणत न्हाई, म्हणून दुपारी त्याचं बोलणं बी कोणी काढलं न्हाई. मी काढलं न्हाई, चंद्रकलेनं काढलं न्हाई. सगळी उमर आमी तो जाळ बघत आलो.

"विझवा," मी म्हणले. "ती पोरगी वर बसलीय."

उत्तमराव म्हणाले, "पाण्याची मोटार चालत न्हाई, लाईट सकाळची हाय." पण पायातली चप्पल काढून ते घमेल्यानं माती टाकाया लागले बी. बाप जो विस्तव द्यायचा तो त्यांनी सोता विझवाया घेतला, हे मी विसरत न्हाई. रफिकनं बॉयलरचा नळ सोडला. "सांभाळून, गरम है!" चौघींनी गठुडी टाकली, गोणपाटं त्या पाण्यात बुडवली अन् जाळावर हाणाया लागल्या. गरम पाणी, गरम राख, अंधारात पिवळी वाफ. चंद्रकला खोकत खोकत म्हणाली, "ग्रहावर लोखंडाची वाफ, इथं आमची! तुझ्या मॅडमला म्हणावं, हिकडं बी दुर्बीण फिरव!" कोणी हसलं, कोणी शिवी दिली. मी हातानंच पाला ओढून ढीग फोडत राहिले.

जाळ गेला. धूर मात्र लगेच जात न्हाई. आमी बांधावर बसलो. उत्तमराव दूर, एकटेच.

माझा मोबाईल वाजला.

"मावशी, धूर विरला. शेजारचे तारे सरळ झाले."

"अन् आपला?"

"आपला खालीच आहे."

"म्हणजे गेलं का सारं?"

"नाही हो. म्हणजे ग्रह आता समोर आहे. धुरात शिरला तो, येताना आपल्याला दिसला नाही. आता जाताना बघायचा. तारा मावळायच्या आत बाहेर पडला पाहिजे, बस."

मी बायांना सांगितलं. साऱ्या मावळतीकडं बघाया लागल्या. रुखमीननं इचारलं, "कोणता गं त्यातला?"

"डोळ्याला दिसत न्हाई तो."

"मग आपण काहून बघून राहिलो?"

"तुझी मान, तू ठरव," चंद्रकला म्हणाली. पण मान तिनं बी वळवली न्हाई. उत्तमराव हळूहळू सरकत आमच्यापाशी येऊन बसले. तारे पलीकडच्या झाडांकडं उतरत होते. झाडांना एकेक तारा लागला की मी मनात म्हणायची, हा नसावा.

मग फोन आला. नसरीन मॅडमनं नाव बी घेतलं न्हाई माझं. "निघाला. बाहेर निघाला. साफ दिसला."

मी म्हणले, "निघाला." उत्तमरावनं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. तोंड आणखीनच काळं झालं.

अर्धं काम झालं होतं, पुरं न्हाई. येतानाची येळ गेली ती गेलीच. मॅडमनं कुठं ते लपवलं न्हाई. जिथं कळवायचं तिथं सरळ कळवलं, की सुरुवातीला धूर होता, ते ठिपके धरू नका. जातानाच्या येळेवरून तिनं हिशोब बसवला, अन् तेवढ्यावर तिची रात्र ठरली.

पावसाळा सरल्यावर ती लॅपटॉप घेऊन आली, टेकडीवर न्हाई, उत्तमरावच्या रानात. हळदीला माती लावणं चाललं होतं. साऱ्या बाया भवती बसल्या. मोठ्या दुर्बिणीला ग्रह बराबर येळेवर सापडला होता, शिरतानापासून निघेपर्यंत. अन् हवेत लोखंड होतं. वारा जिथून अंधारात शिरतो त्या काठाला भरपूर, अंधारातून बाहेर येतो त्या काठाला कमी.

चंद्रकलेनं लई येळ लॅपटॉपवरच्या रेघांकडं बघितलं. "मग मधल्या मधे ते गेलं कुठं गं?"

नसरीन मॅडम म्हणाल्या, "अंधाऱ्या बाजूला. पडत असेल."

"असेल?" मी म्हणले.

"असेल, मावशी," ती म्हणाली, पण या बारीला हसून म्हणाली.

ती आता लांब परदेशी हाय. ईदला फोन करती, अजून पहिलं आभाळाचंच इचारती. गोलाच्या झापडीला मोटार बसली, बटन दाबलं की उघडती. साखळी अडगळीत गेली, ते मला बरं वाटलं न्हाई. उत्तमराव आता पाला पेटवत न्हाईत, सरीत पसरतात अन् कुजवतात. हळद पहिल्यावानीच येती. पण त्यांच्या पलीकडची रानं अजून सांजेलाच पेटतात. अन् गोलात आता दुसरी पोरगी बसती, दुसऱ्या ग्रहासाठी.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं हाय. आमच्या टेकडीच्या भवताली तुमचं रान असंल तर हळदीचा पाला जाळू नका, मातीत जाऊ द्या. जाळायचाच असंल तर सकाळी जाळा. अन् सांजेला पेटवल्याबिगर भागणारच नसंल, तर आधी टेकडीवर येऊन त्या पोरीला इचारा, आज कोण चाललंय म्हणून.